लाजऱ्या माशावरचा टॉवेल

अहो, त्या बरणीतल्या एवढ्याशा बेट्टा माशाने माझा जीव टांगणीला लावला होता! तो काही खाईना, आणि आमची लेक चिऊ म्हणे, "तो जेवला की मी जेवीन." दोघंही सकाळपासून उपाशी. मासा पानामागे लपलेला, आणि गल्लीतल्या बाया बरणीला नाक लावून, "खा रे राजा, खा!"

सगळ्या अशा टक लावून बघताहेत म्हणून सासूबाई भडकल्या. "बठ्ठ्या टकामका देखी राहिन्यात! नवी नवरी तरी खाई का अशी?"

त्यांनी बायांना हाकललं आणि बरणीवर टॉवेल टाकला. थोड्या वेळाने बघते तर माशाला टाकलेले दाणे गायब! चिऊनेही ताट ओढलं.

मी म्हटलं, "आई, मी नवी होते तेव्हा कुठे होता हा टॉवेल?"

"तुले काय गरज व्हती? पहिल्याच दिवशी भरीतनं आख्खं पातेलं पुसीसन खादं तू!"