अर्धा डोंगर अंधारात

मंडळी, सांगा बघू — डोंगरावरच्या देवाला जायचं ते रात्री की दिवसा? रात्री? दिवसा? बघा, मंडपात लगेच दोन तट पडले! पखवाजवाले, तुम्ही कुणाकडून? हे झोपेच्या बाजूनं आहेत! बरं, दुसरं विचारतो. "आमच्यात असं चालत नाही" म्हणून आपण छाती पुढं काढतो ना — तेव्हा आतून कुळाचार बोलतो, की दुसरंच कुणी? ऐका!

एक होते हैबतराव. मिशा अशा, की वर लिंबू ठेवावं! त्यांच्या पोराचं, निवृत्तीचं, लग्न झालं गेनबांच्या लेकीशी, हौसाशी. आता त्या गावची रीत अशी — लग्नानंतर जोडप्यानं दोन्ही व्याह्यांना घेऊन शिदोबाचा डोंगर चढायचा, वर नारळ फोडायचा, मगच नवरीनं माप ओलांडायचं. तोवर बापलेकीचा मुक्काम शेजारी, नवऱ्याच्या चुलत्यांकडे! नवरा या अंगणात, नवरी त्या अंगणात, मध्ये कुंपण. निवृत्ती सकाळ-संध्याकाळ कुंपणच दुरुस्त करतोय!

हैबतराव म्हणाले, "रात्री चढायचं. आमच्यात दिवसा चालत नाही!"

गेनबा म्हणाले, "दिवसाच! आमच्यात रात्री चालत नाही!"

झालं! वाजंत्री परत गेले, हळद उतरली, दोघं काही हटेनात. शेवटी गेनबा कडाडले, "उद्या दिवसाउजेडी निघत नसाल, तर मी पोरीला घेऊन घरी चाललो!" अहो, मांडायच्या आधीच संसार मोडायची वेळ!

हौसा रडली — खोटं कशाला सांगू? रडली, डोळे पुसले आणि कुंपणावरून सासूला हाक मारली. "आत्याबाई, मामंजींना दिवसाचं वावडं का हो?"

सासूनं इकडंतिकडं बघितलं. "अगं, ह्यांना माळ्यावरून खाली बघितलं तरी गरगरतं! रात्री दरी दिसत नाही ना!"

हौसा खुदकन हसली. "आणि आमच्या बाबांना दिवेलागणीनंतर काही दिसतच नाही!"

आलं ध्यानात? पोरीनं दोघांना सांगितलं, "पहाटे अंधारात निघू, उजाडता वर पोचू. अर्धा मान यांचा, अर्धा त्यांचा." आता काय बोलतील? नाही म्हणावं तर गुपित फुटतंय!

निघाले. कंदील घेऊन जोडपं पुढं — अगदी पुढं, मुद्दाम बरं का! गेनबा चाचपडत एका बाभळीपुढं थांबले, हात जोडले. "व्याहीबुवा, आधी तुम्ही!" बाभळ हलेना! "अहो, राग सोडा की आता!" मागं हैबतराव हसून हसून वाकले. मग उमगलं — यांना दिसत नाही! पुढं आले, गेनबांचं मनगट धरलं. "चला. इथं धोंडा आहे. पाय जरा उंच टाका."

कड्यावर उजाडलं. हैबतरावांनी खाली बघितलं — मटकन बसले! झुडूप कवटाळून म्हणतात, "तुम्ही व्हा पुढं. मला इथंच समाधी लागलीय!"

गेनबांनी हात पुढं केला. "अंधार तुम्ही सांभाळलात. आता डोळे मिटा. दरीकडं मी बघतो."

फुटला नारळ! खोबरं वाटता वाटता हौसानं विचारलं, "मामंजी, पुढच्या वर्षी रात्री यायचं की दिवसा?"

दोघांनी एकमेकांकडं बोट केलं. "यांना विचार!"

मंडळी, शिदोबाला कसली रात्र आणि कसला दिवस? भीती या दोघांची, आणि नाव लावलं कुळाचं! हसताय? हसा! पण घरी गेल्यावर आठवा — सुनेला, लेकीला "आमच्यात चालत नाही" म्हणालात, तेव्हा मिशीमागं कोण थरथरत होतं?

आता दिवे मालवतील, देवळाच्या पायऱ्यांवर अंधार आहे. ज्याला दिसत नाही, त्यानं तसं म्हणावं. लाजू नका. शेजारच्याला मनगट धरता येतं, तुम्ही फक्त हात पुढं करा. अंधारवाले, उजेडवाले, एका सुरात बोला — शिदोबाच्या नावानं चांगभलं! आणि पखवाजवाल्यांना कुणीतरी उठवा!