चारच्या गाडीने एक गिटार परत

(बीड. बद्रीनाथच्या मंडप-डेकोरेशनच्या गोदामाची मागची खोली. दुपारचे अडीच. सतरंजीवर दोन गिटारी, एक मोठी, एक बारकी; शिवाय एक ड्रमसेट, एक क्लॅरिनेट.)

धनश्री : म्हणजे ही मोठीसुद्धा नको?

आप्पाराव : न्हाई जमत, बाई.

धनश्री : काय जमत नाही, तेवढं सांगा.

आप्पाराव : लई भरीव हाय. आंगावर येती.

बद्रीनाथ : मागल्या महिन्यात आली ती किरकिरी होती. तिच्या आधीची घुमत होती. आता ही भरीव. आप्पाराव, तुमाला गिटार पायजे का सून?

आप्पाराव : गप बे. तू आपला ड्रम वाजीव.

धनश्री : आप्पा, पुण्याच्या दुकानदाराने या दोन पाठवल्यात. एक ठेवा, दुसरी चारच्या गाडीने परत पाठवा, म्हणाला. दोन्ही परत आल्या तर यापुढे पाठवणार नाही, हेही म्हणाला. अंबाजोगाईचा कार्यक्रम बारा दिवसांवर आहे. आणि पाच वाजता मला क्लासवर जाऊन पोरांना फिजिक्स शिकवायचंय.

आप्पाराव : तुझी जुनीच काय वंगाळ हाय?

धनश्री : तिचा सूर रेंगाळतो. पुढचा सूर आला तरी मागचा जात नाही, आपल्या तिघांच्या वाजवण्यात चिखल होतो. या दोन्ही गिटारींची वरची फळी फुगीर आहे, व्हायोलिनसारखी. सूर लगेच सुटतो आणि लगेच बाजूला होतो. जॅझला तेच लागतं. दहा वर्षं मी अशा गिटारीसाठी थांबलेय.

बद्रीनाथ : मंग ही मोठी ठेव ना. मला तर झकास वाटली.

धनश्री : मलाही पहिल्या सुरापासून हीच हवी होती. बारकी एकटी वाजवली की पत्र्यासारखी वाटते. पण वाजवायचंय आप्पांबरोबर.

आप्पाराव : मला दोनी चालत न्हाईत. ठिवा बाजूला.

बद्रीनाथ : कावून पण? चाळीस वरसं वरातीत वाजवलं तुमी. शेजारी दहा ढोल असायचे. नांदूरघाटच्या लग्नात जनरेटर बाजूला होता, तरी तुमचा क्लॅरिनेट वेशीपतोर ऐकू यायचा. अन् आता एका गिटारीला भिताव?

आप्पाराव : भेत कोन हाय?

धनश्री : आप्पा, ही चाल तुम्ही मघाशी खर्जात वाजवली.

आप्पाराव : मग?

धनश्री : दिवाळीत हीच वरच्या सप्तकात वाजवायचात. मोठ्या गिटारीचा सगळा भरणा खाली आहे. तुम्ही खाली उतरलात म्हणून ती तुम्हाला झाकते. वर जा, ती आपोआप पायाखाली राहील.

आप्पाराव : आज मन न्हाई वर जायला.

बद्रीनाथ : दोन महिने न्हाई मन?

धनश्री : एकच सूर, आप्पा. वरचा सा. मग मी ही गिटार गुपचूप खोक्यात भरते.

आप्पाराव : ऊन लई झालंय.

धनश्री : आपण पंख्याखाली बसलोय.

बद्रीनाथ : बोला ना, आप्पाराव. आमी हैराण झालो.

आप्पाराव : वरचे दात काढले.

धनश्री : कधी?

आप्पाराव : संक्रांतीच्या आदुगर. समदे. डाक्टरनं कवळी बसवली. खायला चांगली हाय. पर क्लॅरिनेटची तोंडी दाताखाली धराया लागती. खर्जात कसंबसं निभतं. वर जायला दाब दिला की कवळी सरकती. एकदा तर सुटून हातात आली.

धनश्री : आणि दोन महिने तुम्ही गिटारींना नावं ठेवताय.

आप्पाराव : सांगितलं असतं तर तुमी माझ्या जागी त्या हरिओमला आनलं असतं, कीबोर्ड घिऊन. आनलं असतं का न्हाई, बद्री?

बद्रीनाथ : इचारून ठिवलंय त्याला. परवा. तुमचा भरवसा वाटंना म्हनून.

आप्पाराव : हं. बरं केलंस.

धनश्री : बरं काही केलं नाही. दोघंही माझ्यामागे आपापलं उरकत होता, आणि मी इथे लाकडाची जात तपासत बसले. आप्पा, कवळी काढून वाजवून पाहिलंत का?

आप्पाराव : येडी का काय.

धनश्री : वरचा ओठ आत दुमडायचा आणि तोंडी दोन्ही ओठांत धरायची. काही जण दात असतानाही तसंच वाजवतात. दाबाचा प्रश्नच येत नाही.

आप्पाराव : म्हाईत हाय. आमच्या बँडचा म्हातारा मास्तर तसाच वाजवायचा. पर तुज्यासमोर तोंडाचं बोळकं घिऊन बसू?

धनश्री : मी भिंतीकडे तोंड करते. बद्रीदादा, तुम्हीपण फिरा.

बद्रीनाथ : मी ड्रमवर बसलोय.

धनश्री : मग ड्रमसकट फिरा.

आप्पाराव : बघू नका हां.

धनश्री : नाही बघत. आधी मोठीवर वाजवते. तुम्ही खर्जातूनच सुरू करा, जमलं तर वर जा.

बद्रीनाथ : (क्लॅरिनेट ऐकून) वर गेला की सूर.

धनश्री : गेला. पण मऊ झालाय. वरातीतला आवाज नाही हा. मोठी वरच्या सुरांनाही झाकतेय. थांबा, बारकी घेते. पुन्हा तेच, आप्पा.

बद्रीनाथ : आगं, ही तर पत्र्याची होती ना? आता दोनी कशी साफ ऐकू येत्यात.

धनश्री : एकटी होती तेव्हा.

आप्पाराव : पोरी, माझ्यापायी बारकी ठिवू नको. मी वाजवून वाजवून किती वाजविनार, दोन वरसं? गिटार तुला जलमभर वाजवायची हाय.

धनश्री : मोठी खोक्यात भरा, बद्रीदादा. चारच्या गाडीला द्या.

बद्रीनाथ : पक्कं? मागून रडायचं न्हाई.

धनश्री : रडेन. तुम्ही भरा.

आप्पाराव : एवढ्यात वळू नका कुनी. अजून एकदा वाजवून बघतो.