आरूचं जोडीचं दुपटं

तुम्ही सगळ्या मला भित्री म्हणता ना, मग हे ऐकाच. माझ्या आरूला माझ्या जुन्या साडीचं लाल दुपटं गालाशी धरल्याशिवाय झोप येत नाही. ते हरवलं तर, या धास्तीने मी त्याच साडीचं दुसरं शिवून पेटीत ठेवलेलं. मागे त्र्यंबकच्या बसमध्ये पहिलं खरंच राहिलं. घरी येऊन मी ऐटीत पेटीतलं काढलं, तर पोरीने हुंगून भिरकावून दिलं! डांबरगोळ्यांचा वास. रडून घर डोक्यावर घेतलं.

माझे दीर कॉम्प्युटरवाले. एका मोठ्या मशीनच्या पोटात त्यांचे बरेच खोटे, म्हणजे नुसते प्रोग्रॅमने बनवलेले कॉम्प्युटर चालतात. मशीन बंद पडलं तर ते परत उभे करायचे, हे त्यांचं काम. ते म्हणाले, "वहिनी, पेटीतलं दुपटं म्हणजे आमची कपाटात ठेवलेली कॉपी. स्वस्त पडते, पण वेळेला चालेलच असं नाही. दुसरी पद्धत म्हणजे जोडीचं मशीन दुसरीकडे रोज चालतं ठेवायचं. खर्च जास्त, पण लगेच हजर."

"हे आधी नाही का सांगायचं, भाऊजी?"

वास गेला तसं हळूहळू आरू पेटीतलं गालाशी धरू लागली. मी तिसरं शिवलं आणि दोन्ही आलटून पालटून देऊ लागले. जिवाचा घोर गेला. पण परवा एक धुवायला टाकलं, तर बाईसाहेब एक गालाशी धरून दुसऱ्यासाठी रडायला लागल्या. आता तिला दोन्ही लागतात!

भाऊजी हसून म्हणाले, "वहिनी, साडी उरलीय का?"

म्हटलं, "चौथं कधीच शिवलंय. आणि या वेळी पेटीत नाही, माझ्या उशाशी असतं."