गर्दीतला तो आवाज

हॅलो?… हां आई, बोल… नाही गं, स्टुडिओतच आहे अजून… बाळ्याच्या ग्रुपचा अल्बम. मैदानावर कार्यक्रम झाला ना त्यांचा, तोच काढायचाय, लोकांच्या टाळ्याशिट्ट्यांसकट… हो, रॅपच… हो गं, तीच ती टकळी!

बरं झालं तूच फोन केलास. एक सांग, कार्यक्रमाच्या त्या शनिवारी संध्याकाळी बाबा कुठे होते?… अगं, आधी सांग तर!… मीटिंग? पोहण्याच्या तलावावर?… आई, शनिवारी संध्याकाळी तलाव बंद असतो.

नाही, नाही! तसलं काही नाही! काहीतरीच काय बोलतेस? ऐक ना…

गर्दीचा आवाज पकडायला आम्ही मैदानात वेगळे माइक लावतो. ते आज एकेक करून ऐकत होते. शेवटच्या गाण्यात बाळ्याचं एक लांबलचक कडवं आहे, एका दमात म्हणायचं. म्हणता म्हणता त्याची दमछाक होते. मला वाटलं, संपलं, आता पडतोय तोंडावर. तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी ओरडतं, "श्वास घे!"

हो… अगदी तस्सं. अख्खं मैदान किंचाळतंय आणि त्याच्या वरून हा आवाज. पोरांना काठावरून पोहायला शिकवण्यात ज्याचा जन्म गेला, तोच असा ओरडणार ना?… मला काय माहीत! म्हणून तर तुला विचारतेय. त्यांनी तर शपथ घेतली होती, पोहणं सोडून हे थेर करणाऱ्या पोराचं तोंड बघणार नाही म्हणून. आणि हाही कमी नाही, एक फोन नाही कधी. तू आपली मधल्यामध्ये निरोप पोचवणारी.

बरं, घरी आले तेव्हा कसे होते?… घसा बसला होता?… गुळण्या करत होते? आणि तू विचारलं नाहीस?… मीटिंगमध्ये वादावादी झाली म्हणाले! आई, धन्य आहे तुझी.

हसू नकोस, पुढचं ऐक. बाळ्या म्हणतो, तो आवाज काढून टाक. कोण हा आगाऊ, माझी इज्जत घालवतोय, म्हणे… ओळखला नाही, की ओळखून दाखवलं नाही, देव जाणे… अगं, आज अल्बम द्यायचाय मला. एकदा गेला बाहेर, की गेला.

आणि खरी गंमत सांगू? बाळ्याने घेतला गं श्वास. त्या ओरडण्यानंतर, लगेच! तालमीत तिथे कधीच थांबला नव्हता. स्टेजवर कानातल्या इअरफोनमध्ये सारखं संगीत चालू असतं, बाहेरचं काही ऐकू येत नाही म्हणतो. मग कसा थांबला?… तेच तर! मला सकाळपासून दुसरं काही सुचत नाहीये.

कोण आलं?… बाबा? दे त्यांना… नको काय नको? दे म्हणते ना!

हॅलो, बाबा… मी मजेत. मीटिंग कशी झाली?… बरं, बरं. एक ऐकवते, थांबा. फोन स्पीकरपाशी धरते हं…

ऐकलंत?… कोण म्हणजे?… दुसराच कोणी असेल? असेल. मग टाकते पुसून… का?… का नको? परकाच माणूस ना तो?

बाबा, पुटपुटू नका, नीट सांगा.

हं… हं… मागे, खांबापाशी?… शेवटपर्यंत उभे होतात?… मग भेटायचं ना त्याला! मला तरी सांगायचं, मी तिथेच होते… अहो, मला सांगून काय उपयोग? अल्बम त्याचा आहे. तो काढ म्हणाला, तर मला काढावाच लागेल… नाही. मी नाही सांगणार त्याला.

काय?… खांदे उचलतो?… म्हणून दम लागतो? पोटातून घ्यायला हवा?… बाबा, मी गाते का? हे मला काय सांगताय?

थांबा, जिन्यात त्याचाच आवाज येतोय… नाही, ठेवायचा नाही फोन. माझी शपथ आहे तुम्हाला. थांबा.

ये रे. हा घे… हो, नंबर आईचाच आहे. पण फोनवर आई नाही… माझ्याकडे काय बघतोस? कानाला लाव. मी बाहेर बसते.