नवा पत्ता

विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात माझ्या मागच्या बाकावर आत्या आणि भाची बोलत होत्या.

"खोली बदललीस ते साऱ्या नातेवाइकांना कळवलंस, आणि इथल्या सरकारच्या ज्या कॉम्प्युटरवर तुझा व्हिसा टिकून आहे त्यालाच नाही?"

"आत्या, हळू बोल. वसतिगृहात सांगितलं होतं, वाटलं तेच पुढे कळवतील. पत्ता वेळेत गेला नाही म्हणून आता सरकारी नोंदीत माझ्या नावापुढं 'बंद' दिसतंय. पुन्हा चालू झालं नाही, तर शिक्षण सोडून परत जावं लागेल."

"पण तू रोज वर्गात होतीस ना?"

"होते. सरांनी तसं लिहूनही दिलंय, ते बाईंनी वर पाठवलंय. आज उत्तर कळेल."

"मग बस ताठ. देव काही झोपलेला नाही."

खिडकीतल्या बाईंनी भाचीला बोलावलं. ती परत आली तेव्हा आत्या उभीच होती.

"काय झालं? सांग की गं!"

"आत्या, चालू झालं! बाईंनी स्क्रीन वळवून दाखवला मला."

"पांडुरंगा, पावलास रे! मग रडतेस कशाला, वेडे?"

"तूच आधी सुरू केलंस."

"बरं, चल घरी. तुझ्या आईला फोन लावू, जीव टांगणीला लागलाय तिचा."

"तू लाव. माझा तास सुरू होतोय."

"मग बघतेस काय माझ्याकडे? पळ!"