न सरकणारी सीट

वहिनी : आधी दार लावून घ्या, भावोजी. आता खरं सांगा. ही गाडी कुणासाठी बनवली होती?

दीर : कुणासाठी म्हणजे? दादासाठीच. स्वतः इटलीला जाऊन, सांगून बनवून घेतली त्यानं. हातानं पत्रा ठोकून गाड्या करणारी माणसं ती. अशी दुसरी गाडी जगात नाही, वहिनी.

वहिनी : ते पुराण मला पाठ आहे. काल पुसायला म्हणून पहिल्यांदाच आत बसले. माझे पाय पेडलांवर आरामात टेकले. आणि तुमचे दादा? दाराच्या चौकटीला डोकं आपटणारा माणूस! त्यांचे गुडघे कुठे मावत होते?

दीर : जुन्या गाड्या... म्हणजे... अरुंदच असतात हो.

वहिनी : शेजारची सीट मागे सरकते. ही सरकत नाही. पक्की बसवलीय.

दीर : तुम्ही सरकवूनसुद्धा बघितलीत?

वहिनी : बायको होते मी त्यांची. कोण होती ती बुटकी?

दीर : काहीतरीच काय!

वहिनी : मग नजर का चोरताय? दर रविवारी एकटेच गाडी काढायचे. परत यायचे ते कंबर धरून. मी वेडी, शेक देत बसायचे! आज संग्रहालयवाले गाडी न्यायला येतायत, तर सकाळपासून तुमचा जीव खालीवर होतोय.

दीर : दादानं शपथ घातली होती.

वहिनी : ते गेले. आता कुणासाठी पाळताय?

दीर : ...लग्नानंतर तुमची एक चप्पल हरवली होती. एकच.

वहिनी : चपलेचं काय मध्येच?

दीर : ती इटलीला गेली होती. तुमचा हात कुठवर पोहोचतो ते बघायला त्यानं तुम्हाला वरच्या फळीवरचे डबे काढायला लावले. मी कोपऱ्यात उभा राहून माप घेत होतो.

वहिनी : माझं?

दीर : आणि गाडी आली त्या दिवशी तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, ‘हे कसलं खेळणं? मी मेले तरी यात बसणार नाही.’ मग तो काय बोलणार? म्हणाला, माझ्यासाठीच आणलीय.

वहिनी : अहो, मग सीट तरी बदलून घ्यायची! कंबरेचा पार चुथडा करून घेतला!

दीर : मी सांगून थकलो. म्हणायचा, राहू दे. तिचं मन बदललं तर?

(बाहेर ट्रक थांबल्याचा आवाज.)

दीर : आले वाटतं. वहिनी? काय सांगू त्यांना?

वहिनी : थांबायला सांगा. आणि तुम्ही या, शेजारी बसा. शिकवताना माझ्यावर ओरडायचं मात्र नाही.