हो की नाही, आबा?

…आन् वर म्हंती, "आबा, दहाच मिनिटं!" दहा मिनिटं? तुम्हाला सांगतो, पावणेदोन तास मी तिसरीच्या पोरांच्या बाकड्यात गुडघं अडकवून बसलो व्हतो, दार आतनं बंद, का तर म्हणं बोलणं गुपित राहाया पायजे! आमच्या दौंडच्या रेल्वे कॉलनीतल्या शाळंत पुण्याची पोरगी आलेली, हर्षदा नाव, मनाच्या आजारांवर संशोधन करती. समद्यांना एकाच पुस्तकातलं तेच प्रश्न, शब्द इकडचा तिकडं करायचा न्हाई, आन् आपण काय सांगाया गेलं की, "हो की नाही, आबा?"

आता बघा, इचारती काय, "एखादं काम नीट झालं का, हे तुम्ही पुन्हा पुन्हा तपासता का?" अगं बाई, बत्तीस वर्षं रेल्वेत केबिनमन व्हतो मी! लिव्हर ओढलं की रूळ बसला का बघ, परत बघ, तवा गाडी सोड… मी एकदाच बघितलं असतं तर तू धड आली असतीस व्हय हितं? "हो की नाही, आबा?" व्हय बाई, व्हय! झालं… त्या एका 'हो'च्या पोटातनं नऊ प्रश्न निघालं! कवापासनं? दिवसात किती येळा? न तपासल्यास घाबरल्यासारखं होतं का? व्हनारच की! समोरनं मालगाडी येती! नऊच्या नऊ संपल्यावर म्हंती, "नोकरीतलं असेल तर धरत नाही, आबा."

मग मी तिच्या पेनावर ध्यान ठिवलं. रूळ बदलण्यात जल्म गेला माझा, मला कळंना व्हय? 'हो' म्हणलं की आपली गाडी बाजूच्या रुळावर, साइडिंगला अडकली, 'न्हाई' म्हणलं की पानं उलटून थेट पुढं! मग काय, सुटलो… भीती? न्हाई. दारू? न्हाई. कुणी पाळत ठेवतं? न्हाई, आता आमच्या केबिनवर टपून बसणारा हौसराव इन्स्पेक्टर बी रिटायर झाला, चल पुढं!

त्या सपाट्यात तिनं इचारलं, "सलग दोन आठवडे, जवळजवळ दररोज, उदास वाटतं का?" …न्हाई! आन् पेन उचलायच्या आधी पोरगी थांबली. "हो की नाही, आबा?"

आमची वच्छला जाऊन आठ म्हैनं झालं. अजून मी सकाळी चहाला दोन कप काढतो आन् एक परत ठिवतो. लई वाईट वाटतं हो त्या कपाचं. पर गुडघ्याला कळा लागलेल्या. म्हणलं, न्हाई!

भाईर आलो तवा शेजारची धुरपदा सांगती, "उदास वाटतं का, त्याला मी हो म्हणलं, बारा प्रश्न इचारलं बाई तिनं. लई रडले. पर बरं वाटलं." बारा! आमचा पोरगा ईश्वर फोनवर "बरं हाय ना?" एवढा एकच इचारतो, आन् मी बारा सोडून आलो!

पर त्याआधी, मी निघता निघता पुस्तक मिटून हर्षदा काय म्हणली म्हाइतीय? "आबा, तुम्ही एकदम निरोगी! आजारी माणसांशी तुलना करायला तुमच्यासारखेच हवे असतात, मिळतच नाहीत. आता दर सहा महिन्यांनी, पाच वर्षं, हेच प्रश्न. असेच राहा हं!"

आता घ्या! बत्तीस वर्षं रिलीव्हर, म्हंजी बदलीचा माणूस, आल्याबिगर जागा सोडली न्हाई, आन् म्हातारपणी ही नवी ड्युटी… निरोगी राहायची! पुढच्या खेपंला 'हो' म्हणावं म्हणतो…

पर बिचारीला दुसरा निरोगी माणूस कुठनं मिळायचा, सांगा!